आधी कागद, मग लॅमिंग्टन रोड: छंदासाठी स्वस्त बोर्ड निवडण्याची पद्धत

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेकडून बाहेर पडायचे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोड या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या पहिल्या दुकानातून स्वस्तातला बोर्ड, म्हणजे सेन्सर-दिवे जोडून प्रोग्राम चढवायचे छोटे सर्किट, घ्यायचा आणि त्याचे काय करायचे ते घरी आल्यावर ठरवायचे, असा क्रम बहुतेकांचा असतो. मग दोन-तीन आठवड्यांत ठरावीक तक्रारी सुरू होतात. प्रोग्राम चढत नाही, वायफाय लागताच बोर्ड पुन्हा सुरू होतो, पिना पुरत नाहीत, सेन्सर चुकीचे आकडे देतो. यातल्या बहुतेक तक्रारी बोर्ड खराब असल्याने येत नाहीत. तो बोर्ड त्या कामासाठी नव्हताच, म्हणून येतात. बोर्ड ही यादीत शेवटी ठरवायची वस्तू आहे. खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पाळावेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यात वापरायचे आहे.

उदाहरण म्हणून एकच काम शेवटपर्यंत घेऊ. गिरगावातल्या एका पाच मजली सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, पंप तळमजल्यावर आहे, आणि टाकी कितपत भरली हे वॉचमनला त्याच्या केबिनमध्ये बसून कळले पाहिजे.

टप्पा १: कामाचा कागद

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर पाच प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहा. बोर्डाकडे काय येणार आहे? बोर्डाकडून काय चालणार आहे? माहिती किती लांब जायची आहे? वीज कुठून मिळणार आहे? बोर्ड प्रत्यक्षात कुठे बसणार आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहिताना प्रत्येक वस्तूसमोर तीन गोष्टी नोंदवा: ती किती व्होल्टवर चालते, तिला किती पिना लागतात, आणि तिच्याकडून येणारा संकेत डिजिटल आहे की अ‍ॅनालॉग. डिजिटल म्हणजे चालू किंवा बंद, आणि अ‍ॅनालॉग म्हणजे कमीजास्त होणारे व्होल्टेज. कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणारे स्वस्त सेन्सर साधारणपणे अ‍ॅनालॉग असतात आणि फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगत चालू-बंद होणारा स्विच, डिजिटल असतो. हा फरक आता लिहून ठेवला नाही, तर चौथ्या सेन्सरच्या वेळी अ‍ॅनालॉग पिना संपल्याचे कळते.

टाकीच्या कागदावर असे लिहिले जाईल: येणारे संकेत तीन, म्हणजे तीन फ्लोट स्विच. चालवायच्या वस्तू चार, म्हणजे तीन एलईडी आणि एक बझर. अंतर गच्चीपासून तळमजल्यापर्यंत. वीज दोन ठिकाणी मिळते, गच्चीवर लिफ्टच्या खोलीत आणि खाली केबिनमध्ये. बोर्ड कुठे बसणार, हे अजून ठरलेले नाही. तो रकाना रिकामा ठेवा, पण विसरू नका.

तपासा: वीज कुठून मिळणार, या प्रश्नाचे उत्तर ‘बघू नंतर’ असे असेल, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. बॅटरीवर चालणारा बोर्ड आणि प्लगवर चालणारा बोर्ड यांची निवड अगदी वेगळी असते.

टप्पा २: मायक्रोकंट्रोलर हवा की छोटा संगणक

स्वस्त बोर्डांचे दोन वेगळे कूळ आहेत आणि दुकानात ते एकाच काचेखाली ठेवलेले असतात. आर्डुइनो ऊनो, नॅनो, ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको हे मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहेत. त्यांच्यात एकच प्रोग्राम असतो, वीज मिळताच तो चालू होतो आणि वीज गेली तरी काही बिघडत नाही. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा मात्र छोटा संगणक आहे. त्यात ५१२ एमबी रॅम आहे, मेमरी कार्डावर लिनक्स लागते, ते सुरू व्हायला वेळ जातो, आणि कार्डावर लिहिणे चालू असताना अचानक वीज गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते.

नावात ‘रास्पबेरी पाय’ आहे म्हणून पिको आणि झीरो यांना एकाच मापाने मोजू नका. पिको २०२१ मध्ये ४ डॉलरला आला आणि झीरो २ डब्ल्यू त्याच वर्षी १५ डॉलरला. किमतीपेक्षाही कामातला फरक मोठा आहे. कॅमेऱ्याचे चित्र तपासायचे असेल, पडद्यावर ब्राउझर दाखवायचा असेल किंवा मोठी माहिती साठवून तिच्यावर हिशेब करायचा असेल, तर छोटा संगणक घ्या. दिवा लावणे, पाणी मोजणे, तापमान नोंदवणे, मोटरला संकेत देणे ही सगळी मायक्रोकंट्रोलरची कामे आहेत. शिवाय रास्पबेरी पायच्या या संगणकांना अ‍ॅनालॉग पिन एकही नाही, त्यामुळे मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर त्यांना थेट जोडता येत नाही आणि मध्ये वेगळी चिप घालावी लागते.

आपल्या टाकीच्या कामात संगणकासाठी काहीच नाही. उत्तर मायक्रोकंट्रोलर.

टप्पा ३: बोर्डांची खरी मर्यादा ओळखा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. जाहिरातीत प्रोसेसरचा वेग मोठ्या अक्षरांत असतो. छंदाच्या कामात अडचण मात्र वेगाची क्वचितच येते. ती येते वापरता येणाऱ्या पिनांची, मेमरीची आणि व्होल्टेजची.

ऊनो आर३ आणि नॅनो. दोन्हींमध्ये एटीमेगा३२८पी ही चिप आहे, वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रामसाठी ३२ केबी आणि रॅम फक्त २ केबी. दोन्ही ५ व्होल्टवर चालतात, म्हणून बाजारातले बरेचसे जुने सेन्सर आणि रिले (छोट्या संकेताने मोठा भार चालू-बंद करणारे स्विच) त्यांना थेट जोडता येतात. नवशिक्यासाठी हा मोठा फायदा आहे. डिजिटल पिना १४ मोजल्या जातात, पण त्यांतल्या ० आणि १ या पिना संगणकाशी बोलण्यासाठी लागतात, तेव्हा १२ धरून चला. नॅनोवर अ‍ॅनालॉग पिना ८ आहेत. त्यांतल्या ए६ आणि ए७ डिजिटल म्हणून वापरता येत नाहीत, आणि आय-टू-सी पद्धतीचा (दोन संकेत-वायरींवर चालणारा) डिस्प्ले जोडला की ए४ आणि ए५ जातात. रॅमचेही असेच. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांच्या छोट्या ओएलईडी पडद्यासाठी नेहमीची लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) १,०२४ बाइट राखून ठेवते, म्हणजे निम्मी रॅम पडद्यातच संपते. नंतर एसडी कार्ड जोडले की प्रोग्राम विचित्र वागू लागतो आणि लोक वायरिंगमध्ये दोष शोधत बसतात.

ईएसपी८२६६, म्हणजे बाजारातला नोडएमसीयू. वायफाय आहे, किंमत कमी आहे, पण अ‍ॅनालॉग पिन एकच आहे. बोर्डावर छापलेले क्रमांक आणि चिपचे क्रमांक जुळत नाहीत: डी१ म्हणजे चिपची ५ क्रमांकाची पिन, आणि डी५ म्हणजे १४ क्रमांकाची. प्रोग्राममध्ये नुसते ५ लिहून डी५ ला वायर जोडण्याची चूक मी इतक्या जणांना करताना पाहिली आहे, की आता कुणी ‘दिवा लागत नाही’ म्हणाले की पहिला प्रश्न तोच विचारतो. डी३, डी४ आणि डी८ या पिना बोर्ड सुरू होताना विशिष्ट स्थितीत असाव्या लागतात, म्हणून तिथे रिले जोडू नका. नवीन कामासाठी ईएसपी३२ मिळत असताना हा बोर्ड घेण्याचे कारण फारसे उरलेले नाही.

ईएसपी३२. वायफाय हवे असेल तर माझी पहिली शिफारस याचीच राहील. मूळ चिपमध्ये दोन कोर आहेत, वेग २४० मेगाहर्ट्झपर्यंत आहे, रॅम ५२० केबी आहे आणि ब्लूटूथही आहे. परंतु यातल्या चार गोष्टी खरेदीच्या आधी माहीत हव्यात.

पहिली: ३४ ते ३९ या पिना फक्त आत येणाऱ्या संकेतांसाठी आहेत, त्यांवरून एलईडी किंवा रिले चालत नाही.

दुसरी: ६ ते ११ या पिना नेहमीच्या मॉड्यूलमध्ये आतल्या फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात. बोर्डावर त्या बाहेर काढलेल्या दिसल्या, तरी त्यांना हात लावू नका.

तिसरी: अ‍ॅनालॉग पिनांचे दोन गट आहेत आणि वायफाय चालू असताना दुसरा गट वापरता येत नाही. पहिल्या गटातल्या सहाच पिना सर्वसाधारण बोर्डावर बाहेर येतात: ३२, ३३, ३४, ३५, ३६ आणि ३९. ‘सेन्सर एकटा नीट चालतो, वायफाय लावले की बंद पडतो’ ही तक्रार बहुधा इथली असते.

चौथी: ईएसपी३२ हे आता एका चिपचे नाव राहिलेले नाही. एस२ मध्ये ब्लूटूथ नाही. सी३ मध्ये एकच कोर आहे. सी३ आणि एस३ मध्ये ब्लूटूथ आहे, पण कमी ऊर्जेच्या प्रकारचेच. फोनवरून जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ सीरियलने गाडी चालवायचा प्रोग्राम तुम्ही निवडला असेल, तर तो मूळ ईएसपी३२ वरच चालेल. स्वस्त दिसला म्हणून सी३ घेतला, तर तो प्रोग्राम कधीच चालणार नाही आणि त्यात बोर्डाचा काही दोष नसेल.

हे सगळे बोर्ड २.४ गिगाहर्ट्झ वायफायवरच चालतात. घरातल्या राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवले असेल, तर बोर्डाला नेटवर्क दिसणारच नाही.

पिको. आरपी२०४० चिप, दोन कोर, १३३ मेगाहर्ट्झ, रॅम २६४ केबी, वापरायला २६ पिना आणि त्यांतल्या तीन अ‍ॅनालॉग. मायक्रोपायथन, म्हणजे मायक्रोकंट्रोलरसाठीची पायथन भाषा, शिकायची असेल तर हा बोर्ड उत्तम, कारण प्रोग्राम चढवण्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बूटसेल हे बटण दाबून यूएसबी लावली की तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो. साध्या पिकोत वायफाय नसते. ते पिको डब्ल्यूमध्ये असते, आणि दुकानात नुसते ‘पिको द्या’ म्हटले तर साधाच मिळतो.

एटीटायनी८५ चा चिमुकला डिजिस्पार्क आणि एसटीएम३२ चा ‘ब्लू पिल’ हे दोन्ही स्वस्त आहेत, पण पहिल्यात रॅम ५१२ बाइट आहे आणि दुसऱ्यात नकली चिपचे प्रमाण इतके आहे, की पहिला किंवा दुसरा प्रकल्प करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

तपासा: कागदावरच्या प्रत्येक वस्तूसमोर आता बोर्डाच्या एका पिनेचा क्रमांक लिहा. सगळ्या वस्तूंना क्रमांक देऊन किमान दोन पिना उरल्या पाहिजेत. उरत नसतील, तर बोर्ड बदला.

टप्पा ४: व्होल्टेज जुळवा

ईएसपी३२, ईएसपी८२६६ आणि पिको यांच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात, म्हणून पिनांनाही ५ व्होल्ट चालतील असे समजू नका. बोर्डावरचा रेग्युलेटर ते ५ व्होल्ट ३.३ वर आणतो. पिनेवर थेट ५ व्होल्ट आले तर चिप लगेच मरेलच असे नाही, कित्येकदा ती महिनाभर चालते आणि मग एखादी पिन कायमची बंद पडते. त्यामुळे ‘माझे तर चालले’ हा पुरावा धरू नये.

अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या इको पिनेवरून ५ व्होल्टच परत येतात. इको आणि बोर्डाची पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि बोर्डाच्या पिनेपासून ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या सामाईक पिनेला) २ किलोओहमचा जोडा. पिनेवर ५ चे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट येतील. काही रुपयांच्या दोन रेझिस्टरांचे हे काम आहे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारेही हेच आहे.

एलसीडीच्या पाठीमागे लागणारी आय-टू-सी पट्टी ५ व्होल्ट दिल्यावर दोन्ही संकेत-वायरी ५ व्होल्टकडे ओढून धरते. ती ३.३ व्होल्टच्या बोर्डाला जोडताना मध्ये लेव्हल कन्व्हर्टर (५ आणि ३.३ व्होल्टचे संकेत जुळवणारी पट्टी) घाला. रंगीत एलईडी पट्टीची अडचण उलटी असते. डब्ल्यूएस२८१२ या प्रकारच्या पट्टीला ५ व्होल्टवर चालवले, तर तिला संकेतही सुमारे ३.५ व्होल्टचा हवा असतो आणि ३.३ वर ती कधी चालते, कधी लुकलुकते.

सावधान: घरगुती २३० व्होल्टवर ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पाटी) किंवा जंपर वायर कधीही वापरू नका. रिलेवर १० अँपिअर छापलेले असते ते बल्बसारख्या साध्या भारासाठी असते, आणि पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. पंप चालवायचाच असेल, तर छोट्या रिलेने कॉन्टॅक्टर (मोठ्या करंटसाठीचा दणकट रिले) चालवावा आणि कॉन्टॅक्टरने पंप. ते वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

टप्पा ५: विजेचा हिशेब

ईएसपी३२ वायफायवर माहिती पाठवताना क्षणभर सव्वादोनशे-अडीचशे मिलिअँपिअरपर्यंत ओढतो, आणि चिप बनवणारी कंपनी किमान ५०० मिलिअँपिअर देणारी वीज सुचवते. स्क्रीनवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ (व्होल्टेज घसरल्याची सूचना) असे शब्द असलेला संदेश दिसला आणि बोर्ड पुन्हापुन्हा सुरू होऊ लागला, तर प्रोग्राम तपासण्याआधी केबल बदला. बारीक तारेची लांब केबल हे त्याचे नेहमीचे कारण आहे. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. बोर्डाचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, आणि चांगला बोर्ड ‘डेड’ म्हणून परत नेला जातो. ज्या केबलने फोनमधले फोटो संगणकावर घेता येतात, ती वेगळी काढून तिला खुणेची चिकटपट्टी लावा.

एलईडी पट्टी, सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) किंवा मोटर यांना बोर्डाच्या पिनेतून वीज देऊ नका. डब्ल्यूएस२८१२ चा एक एलईडी पूर्ण पांढरा असताना सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ३० एलईडींना १.८ अँपिअर. त्यांना वेगळा अडॅप्टर द्या आणि दोन्हींचे ग्राउंड एकमेकांना जोडा. ग्राउंड न जोडल्याने संकेत पोचत नाही, ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

बॅटरीवरच्या कामात बोर्डाची चिप किती कमी वीज घेते याच्या जाहिरातीला भुलू नका. ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत (काम नसताना जवळजवळ बंद असताना) १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते हे खरे आहे, परंतु स्वस्त बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर काहीही काम नसताना स्वतःच सुमारे ५ मिलिअँपिअर खातो. त्यात पॉवरचा लाल दिवा आणि यूएसबीची चिप मिळवा. एकूण १० मिलिअँपिअर धरले, तर २,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २५० तासांत, म्हणजे दहा-साडेदहा दिवसांत संपेल, मग प्रोग्राम कितीही झोपाळू लिहिला तरी. कुंडीतला सेन्सर सहा महिने बॅटरीवर चालवायचा असेल, तर त्यासाठी कमी गळतीचा रेग्युलेटर असलेला बोर्डच शोधावा लागतो. पॉवर बँक हा त्यावरचा उपाय नाही, कारण बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी झाला की स्वतःहून बंद होतात.

टप्पा ६: बोर्ड बसणार ती जागा

मुंबईत हा टप्पा वगळला तर पुढचे सगळे वाया जाते. समुद्राकडची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांमुळे गच्चीवर उघडा ठेवलेला बोर्ड एक पावसाळा काढील, याची खात्री देता येत नाही. हेडर पिनांवर (बोर्डाच्या कडेच्या उभ्या पिनांवर) हिरवट थर चढतो, ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या सैल संपर्क देतात आणि दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. उघड्यावरचे कोणतेही काम ब्रेडबोर्डवर सोडू नका. सोल्डर करा, झाकणाला रबर असलेल्या डब्यात ठेवा आणि वायरी डब्याच्या तळातून आत घ्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत शिरणार नाही.

वायफायचे अंतर दुकानात विचारून कळत नाही. फोन २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा आणि बोर्ड जिथे बसणार त्याच जागी, डब्याचे आणि दाराचे झाकण लावल्यावर जशी स्थिती असेल तशा स्थितीत, किमान पाच मिनिटे पाहा. मध्ये काँक्रीटचे दोन स्लॅब आणि लोखंडी दार आले, की फोनवर एखादी रेघ दिसली तरी बोर्डाच्या छोट्या अँटेनाला ती पुरत नाही. लांबच्या अंतरासाठी लोरा (दूरवर थोडी माहिती पाठवणारी रेडिओ पद्धत) मॉड्यूल घेणाऱ्यांनी त्याची फ्रिक्वेन्सी पाहूनच घ्यावे: भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो, आणि बाजारात ४३३ ची मॉड्यूलेही सर्रास विकली जातात.

आपल्या टाकीचा कागद आता पुन्हा समोर घ्या. पहिल्या विचारात सगळे म्हणतात की गच्चीवर ईएसपी३२ आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर, केबिनमध्ये दुसरा ईएसपी३२. पण एचसी-एसआर०४ ची उघडी तोंडे टाकीतल्या दमट हवेत गंजतात, वायफायला पाच स्लॅब ओलांडायचे आहेत आणि गच्चीवरचा डबा पावसात आहे. याउलट फ्लोट स्विचला वीजच लागत नाही. तीन स्विच आणि एक सामाईक अशी चार तारांची केबल डक्टमधून खाली आणली, तर गच्चीवर इलेक्ट्रॉनिक्स शून्य, आणि बोर्ड केबिनमध्ये कोरड्या जागी. मग वायफायही नको. नॅनो पुरतो. कागदावरचा रिकामा रकाना भरला, तेव्हाच बोर्डाचे नाव निघाले.

टप्पा ७: खर्चाची बेरीज

बोर्डाच्या किमतीखाली केबल, अडॅप्टर, हेडर पिना, रेझिस्टर, डबा, वायर आणि कनेक्टर यांच्या किमती लिहा. बोर्ड काही शे रुपयांत येतो आणि बाकीच्या वस्तू मिळून बहुधा त्याहून जास्त होतात. दोन बोर्डांच्या किमतीत पन्नास रुपयांचा फरक असेल तर तो विसरून जा, आणि ज्याची माहिती आणि उदाहरणे भरपूर मिळतात तो घ्या. त्याच जातीचा एक जादा बोर्डही घ्या. दोष बोर्डात आहे की वायरिंगमध्ये, हे ठरवण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे दुसरा बोर्ड लावून पाहणे.

टप्पा ८: लॅमिंग्टन रोडवर

नकाशावर या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, आणि शनिवारी दुपारी गर्दीत तुम्हाला चिप वाचायला कुणी वेळ देणार नाही. शक्य असेल तर आठवड्यात सकाळी जा. सोबत कागद, फोनमध्ये बोर्डाच्या पिनांचे चित्र आणि लहान भिंग ठेवा.

दुकानात ‘आर्डुइनो द्या’ असे न म्हणता चिपचे नाव सांगून मागा: ‘नॅनो, एटीमेगा३२८पी, हेडर सोल्डर केलेला.’ मग बोर्ड हातात घेऊन चिपवरची अक्षरे वाचा. मी एकदा एका कार्यशाळेसाठी दहा नॅनो घेतले आणि वाचले नाहीत. घरी आल्यावर त्यांतल्या चारांवर एटीमेगा१६८ निघाली, जिची मेमरी निम्मी असते. ‘सेमच आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवून मुलांची एक पूर्ण सकाळ वाया गेली, याची खंत मला अजून आहे.

स्वस्त नॅनोवर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असते. ती दोष नाही, फक्त संगणकावर तिचा ड्रायव्हर लागू शकतो. ईएसपी३२ घेताना ३० पिनांचा की ३८ पिनांचा, हे पाहा. रुंद बोर्ड ब्रेडबोर्डवर बसवला की वायर लावायला बाजूला भोकच उरत नाही, म्हणून शक्यतो ब्रेडबोर्डवर ठेवूनच पाहा. हेडर पिना सोल्डर केलेल्या नसतील आणि तुमच्याकडे सोल्डरिंग आयर्न नसेल, तर तो बोर्ड तुमच्यासाठी नाही. पिना नुसत्या भोकांत अडकवून काम चालवणाऱ्यांचे सेन्सर हलक्या धक्क्याने बंद पडतात.

तपासा: बिलावर चिपचे किंवा बोर्डाचे पूर्ण नाव लिहून घ्या आणि बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे ते तिथेच विचारा.

टप्पा ९: त्याच संध्याकाळी तपासणी

बदलून मिळण्याची मुदत असते तोवर बोर्ड पिशवीत पडून राहतो आणि दोष नंतर कळतो, म्हणून ही तपासणी खरेदीच्या दिवशीच करावी. क्रम बदलू नका.

१. भिंगाने सोल्डर पाहा. दोन पिनांमध्ये पूल झालेला असेल तर बोर्डाला वीज देऊ नका.

२. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड, तसेच ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड तपासा. सतत शिट्टी वाजली तर शॉर्ट आहे.

३. काहीही न जोडता, खुणेच्या केबलने यूएसबी लावा. मिनिटभराने रेग्युलेटरला बोट लावून पाहा, चटका बसता कामा नये. मग ३.३ व्होल्टची पिन मोजा.

४. एलईडी लुकलुकवणारा तयार प्रोग्राम चढवा. नॅनोवर तो चढला नाही, तर आर्डुइनो सॉफ्टवेअरमधल्या प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पुन्हा प्रयत्न करा, कारण बऱ्याच कॉपी बोर्डांना तोच पर्याय लागतो. ईएसपी३२ ‘कनेक्टिंग’वर अडकला, तर ठिपके येत असताना बूट बटण दाबून धरा.

५. प्रत्येक पिनेला रेझिस्टरसह एक एलईडी लावून ती चालू-बंद करून पाहा. अर्धा तास जातो, पण मेलेली पिन आजच सापडते.

६. वायफायचा बोर्ड असेल तर नेटवर्क शोधण्याचा तयार प्रोग्राम चालवा आणि नंतर बोर्ड रात्रभर चालू ठेवा. सकाळी तो स्वतःहून पुन्हा सुरू झालेला नसावा.

सावधान: या सहा पायऱ्या होईपर्यंत सेन्सर किंवा रिले जोडू नका. एकाच वेळी सगळे जोडले, तर न चालण्याचे कारण शोधायला आठवडा लागतो.

टप्पा १०: एकेक वस्तू जोडणे

ज्या वस्तूवर सगळे काम अवलंबून आहे, ती आधी जोडा. टाकीच्या कामात ती म्हणजे लांब केबल. टेबलावर हातभर वायरीने चाललेला स्विच पाच मजल्यांच्या केबलवर तसाच चालेल असे धरू नका. लांब तार अँटेनासारखी वागते आणि लिफ्टची मोटर सुरू झाली की खोटे संकेत येतात. नॅनोचा आतला पुल-अप (स्विच उघडा असताना पिनेला ५ व्होल्टवर धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा असतो, तो इथे दुबळा पडतो. प्रत्येक तारेला ५ व्होल्टकडे २.२ किलोओहमचा बाहेरचा पुल-अप द्या, तार आणि पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घाला, आणि पिनेपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. प्रोग्राममध्ये संकेत दोन-तीन सेकंद टिकला तरच खरा माना, कारण पाणी भरताना फ्लोट लाटांवर डोलतो.

एक स्विच दिवसभर बरोबर चालला की दुसरा जोडा, मग तिसरा, मग एलईडी, आणि बझर सगळ्यात शेवटी. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. एका पिनेतून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नका.

सगळे चालू लागल्यावर केबिनमधल्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. त्यावर कोणत्या रंगाची तार कोणत्या पिनेला गेली, अडॅप्टर किती व्होल्ट आणि किती अँपिअरचा आहे, आणि प्रोग्राम कोणत्या तारखेचा आहे हे लिहा. जादा घेतलेल्या नॅनोवर तोच प्रोग्राम चढवून तो प्लास्टिकच्या पिशवीत त्याच डब्यात ठेवा.